अंतराधारित रस्तेकर (सातारा व सांगली जिल्हे)

अंतराधारित रस्तेकर म्हणजे वाहनाने रस्त्यावर प्रत्यक्ष कापलेल्या अंतराच्या प्रमाणात आकारला जाणारा कर होय. पेट्रोल व डिझेलवरील करांच्या रूपाने वाहनधारक आजवर अप्रत्यक्षपणे असाच कर भरत आले आहेत. जो अधिक फिरतो तो अधिक इंधन जाळतो आणि अधिक कर देतो. विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळे हे नाते तुटते. म्हणून काही देशांनी विद्युत वाहनांवर किलोमीटर वा मैलाप्रमाणे कर बसविला आहे. महाराष्ट्रात विद्युत मोटारींवर असा कर नाही. उलट त्यांना करमाफी देण्याचे राज्याचे धोरण आहे.

रस्त्याचा खर्च कोणी आणि कशाच्या प्रमाणात सोसावा, हा प्रश्न पुणे–बंगळूर महामार्गावरील सातारा व सांगली जिल्ह्यांत मात्र जुना आहे. नाक्यावरील पथकर, वाहन नोंदणीच्या वेळचा एकरकमी कर, इंधनावरील अधिभार आणि एसटीच्या तिकिटातील प्रवासी कर ही त्या प्रश्नाची रोजच्या व्यवहारातील रूपे आहेत.

## कराचे प्रकार

रस्त्याच्या वापराशी निगडित आकारणी सामान्यतः चार प्रकारे होते.

* मालकीवरील कर : वाहन घेताना वा दरवर्षी भरावयाचा कर. वाहन किती चालते याच्याशी त्याचा संबंध नसतो.
* इंधनावरील कर : जळालेल्या इंधनाच्या प्रमाणात भरला जाणारा कर. तो अंतराशी बऱ्याच अंशी जुळतो.
* पथकर : ठरावीक नाका, पूल किंवा बोगदा ओलांडताना द्यावयाचे शुल्क. बोलीभाषेत यालाच टोल म्हणतात.
* अंतराधारित कर : ओडोमीटरवरील नोंद, वाहनातील यंत्र किंवा उपग्रहीय दिशादर्शन यांच्या साहाय्याने कापलेले अंतर मोजून केलेली आकारणी.

## कायदेशीर चौकट

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीनुसार वाहनांवरील कर (नोंद ५७) आणि पथकर (नोंद ५९) हे विषय राज्यांकडे आहेत. राष्ट्रीय महामार्ग हा विषय संघसूचीत (नोंद २३) येतो. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ आणि त्याखालील २००८ चे शुल्क नियम यांनुसार त्यांवरील शुल्क केंद्र शासन ठरविते. त्यामुळे एकाच जिल्ह्यातील दोन रस्त्यांवर दोन वेगवेगळ्या शासनांचे नियम लागू होऊ शकतात.

महाराष्ट्रात वाहनकराची आकारणी १९५८ च्या मोटार वाहन कर अधिनियमानुसार होते. वैयक्तिक मालकीच्या मोटारीवर नोंदणीच्या वेळी किमतीच्या प्रमाणात एकरकमी कर घेतला जातो. पेट्रोल मोटारीसाठी तो दहा लाख रुपयांपर्यंतच्या किमतीवर ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के आहे. डिझेल मोटारीसाठी हेच दर अनुक्रमे १३, १४ व १५ टक्के आहेत. १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली. सातारा (एमएच-११), कऱ्हाड (एमएच-५०) आणि सांगली (एमएच-१०) येथील परिवहन कार्यालयांत नोंदल्या जाणाऱ्या वाहनांना हेच दर लागू आहेत.

हा कर वापराशी निगडित नाही. आठवड्यातून एकदा बाजारापुरती बाहेर पडणारी मोटार आणि रोज सातारा–पुणे फेरी करणारी मोटार यांची किंमत सारखी असेल, तर दोन्हींचा करही सारखाच असतो.

## इंधनावरील कर

पेट्रोल व डिझेल वस्तू व सेवा कराच्या कक्षेत आणलेले नाहीत. त्यांवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर असे दोन कर लागतात. एप्रिल २०२५ मध्ये झालेल्या वाढीनंतर उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे १३ रुपये आणि डिझेलवर १० रुपये झाले. या शुल्काचा एक भाग रस्ते व पायाभूत सुविधा उपकर म्हणून गणला जातो. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून पेट्रोलवर २५ टक्के मूल्यवर्धित कर आणि त्याशिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, तर डिझेलवर २१ टक्के मूल्यवर्धित कर असे दर लागू झाले.

या करांचे अंतराशी असलेले नाते साध्या हिशेबाने स्पष्ट होते. लिटरमागे १५ किलोमीटर धावणाऱ्या पेट्रोल मोटारीच्या बाबतीत वरील दरांनुसार केवळ उत्पादन शुल्क आणि राज्याचे ५ रुपये १२ पैसे धरले, तरी किलोमीटरमागे सुमारे १ रुपया २१ पैसे कर पडतो. सातारा ते कऱ्हाड या सुमारे ५० किलोमीटरच्या प्रवासात ही रक्कम ६० रुपयांच्या आसपास जाते. टक्केवारीने आकारला जाणारा मूल्यवर्धित कर याहून वेगळा. त्याच मार्गाने जाणारी विद्युत मोटार यांपैकी काहीही भरत नाही. तिच्या विजेवर विद्युत शुल्क लागते. घरगुती वापरासाठी त्याचा दर १६ टक्के आहे. परंतु घरच्या मीटरवर भारित केलेल्या वाहनाची वीज आणि घरातील दिवे-पंख्यांची वीज यांत भेद केला जात नाही.

इंधनावरील अधिभारांबाबतचा एक आक्षेप या दोन जिल्ह्यांना विशेष जवळचा आहे. सप्टेंबर २०१५ च्या अखेरीस राज्य शासनाने दुष्काळ निवारणासाठी पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार लावला. सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील जत, आटपाडी व कवठेमहांकाळ हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. ज्या कारणासाठी अधिभार लावला ते कारण ओसरल्यावरही तो इंधनाच्या दरात कायम राहिल्याची टीका पुढील वर्षांत झाली. विशिष्ट कारणासाठी बसविलेला कर त्या कारणाबरोबर संपावा, अशी अपेक्षा या टीकेमागे होती.

## विद्युत वाहनांना सवलती

महाराष्ट्र शासनाने विद्युत वाहनांसाठी २०१८, २०२१ आणि २०२५ मध्ये धोरणे जाहीर केली. २०२५ च्या धोरणाचा कालावधी ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. या धोरणांनुसार विद्युत वाहनांना मोटार वाहन करातून सूट देण्यात आली. केंद्रीय पातळीवर विद्युत मोटारींवरील वस्तू व सेवा कराचा दर ५ टक्के आहे.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या विद्युत मोटारींवर ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव राज्य शासनाने मांडला होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घेत असल्याचे विधिमंडळात जाहीर केले.

२०२५ च्या धोरणात विद्युत मोटारी व बसगाड्यांना मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तीन मार्गांवर संपूर्ण पथकरमाफी देण्यात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची अंमलबजावणी सुरू झाली. या तीनपैकी एकही मार्ग सातारा वा सांगली जिल्ह्यातून जात नाही. या जिल्ह्यांतील प्रमुख मार्ग राष्ट्रीय महामार्ग असून त्यांवरील शुल्काला केंद्राचे नियम लागू होतात. त्या नियमांत विद्युत वाहनांना वेगळी माफी नाही. त्यामुळे साताऱ्याची विद्युत मोटार मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरून पथकर न देता जाते, परंतु घराजवळच्या आनेवाडी नाक्यावर पेट्रोल मोटारीइतकाच पथकर भरते.

## महामार्गावरील पथकर

### नाक्यांची रचना

पुणे ते कोल्हापूर या टप्प्यात राष्ट्रीय महामार्ग ४८ वर (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ४) चार नाके लागतात : पुणे जिल्ह्यात खेड-शिवापूर, सातारा जिल्ह्यात आनेवाडी व तासवडे आणि कोल्हापूर जिल्ह्यात किणी. सांगली जिल्ह्यातून कासेगाव, नेर्ले, पेठ, कामेरी असा जाणारा या महामार्गाचा भाग तासवडे व किणी या नाक्यांच्या मध्ये येतो. रत्नागिरी–नागपूर महामार्गावर कवठेमहांकाळ तालुक्यातील बोरगाव येथे नाका आहे.

२००८ च्या नियमांनुसार एकाच मार्गावर एकाच दिशेने दोन नाक्यांत सामान्यतः किमान ६० किलोमीटर अंतर असावे लागते. यास काही अपवाद आहेत. दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना सामान्यतः शुल्क लागत नाही.

### दर किलोमीटरचा, वसुली नाक्याची

राष्ट्रीय महामार्गावरील शुल्काचा पाया मुळात किलोमीटर हाच आहे. २००८ च्या नियमांत मोटारीसाठी २००७-०८ या वर्षाचा पायाभूत दर किलोमीटरमागे ६५ पैसे, तर बस व ट्रकसाठी २ रुपये २० पैसे ठरविण्यात आला. त्यात दरवर्षी ३ टक्के आणि घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीच्या ४० टक्के इतकी भर पडते. नाक्याच्या वाट्याला येणाऱ्या रस्त्याच्या लांबीने हा दर गुणून नाक्यावरचे शुल्क निघते. पूल, बोगदे यांसारख्या बांधकामांचा हिशेब वेगळा होतो.

तथापि वसुली नाक्यावर होते. त्यामुळे वाहन त्या टप्प्यात प्रत्यक्ष किती चालले हे पाहिले जात नाही. उंब्रजहून कऱ्हाडला जाणारी मोटार सुमारे पंधरा किलोमीटर चालते, पण वाटेत तासवडे नाका असल्याने संपूर्ण टप्प्याचे शुल्क देते. कऱ्हाडहून पेठमार्गे इस्लामपूरला जाणारी मोटार त्याहून दुप्पट अंतर महामार्ग वापरूनही एकही नाका ओलांडत नाही. वाईहून पाचवडमार्गे साताऱ्यास जाणाऱ्या वाहनाला आनेवाडी नाका लागतो. साताऱ्याहून नागठाणे वा उंब्रजला जाणाऱ्यास लागत नाही. स्थानिक वाहनधारकांच्या तक्रारींचे मूळ बऱ्याच अंशी या विसंगतीत आहे.

### पास व सवलती

नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बिगर-व्यावसायिक वाहनधारकास मासिक पास मिळतो. २०२५-२६ साठी त्याचा दर ३५० रुपये होता. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटार, जीप व व्हॅन यांच्यासाठी ३,००० रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास सुरू झाला. तो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत चालतो. एक नाका एकदा ओलांडणे ही एक फेरी धरली जाते, म्हणजे सुरुवातीच्या या दराने नाक्यामागे १५ रुपये पडत.

पुणे–कोल्हापूर प्रवासात एका बाजूने चार नाके येत असल्याने या पासात २५ वेळा जाणे-येणे होते. उंब्रजहून कऱ्हाडला रोज ये-जा करणाऱ्याच्या २०० फेऱ्या मात्र शंभर दिवसांत संपतात. त्याला स्थानिक मासिक पासच किफायतशीर ठरतो. व्यावसायिक वाहनांना वार्षिक पास मिळत नाही. सांगलीच्या बाजारपेठेतील हळद किंवा तासगाव परिसरातील द्राक्षे वाहून नेणाऱ्या मालमोटारी पूर्ण दराने शुल्क देतात व ते वाहतूक खर्चात मिळविले जाते.

### पथकरविरोधी आंदोलने

शेजारच्या कोल्हापूर शहरात खासगी सहभागातून बांधलेल्या अंतर्गत रस्त्यांसाठी पथकर लावण्यास मोठा विरोध झाला. सर्वपक्षीय कृती समितीच्या या आंदोलनाच्या नेतृत्वात प्रा. एन. डी. पाटील व गोविंद पानसरे यांचा समावेश होता. पाटील हे मूळचे सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्याचे. २०१५ च्या अखेरीस राज्य शासनाने कोल्हापूरचा पथकर रद्द केला. त्याच वर्षी १ जूनपासून राज्यातील १२ नाके कायमचे बंद झाले आणि इतर ५३ नाक्यांवर मोटारी व एसटी बसगाड्यांना सूट देण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना माफी मिळाली. हे निर्णय राज्याच्या अखत्यारीतील नाक्यांपुरते होते. त्यांमुळे आनेवाडी, तासवडे व किणी येथील शुल्कात बदल झाला नाही.

रस्त्याची अवस्था हा वादाचा दुसरा मुद्दा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील पालियेक्करा नाक्यावरील वसुली स्थगित करणारा उच्च न्यायालयाचा आदेश कायम ठेवला. खड्डे व कोंडीमुळे रस्ता नीट वापरता येत नसेल, तर नागरिकांवर शुल्काची सक्ती करता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. सहापदरीकरणाची कामे चालू असलेल्या सातारा–कागल टप्प्याच्या संदर्भातही हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

### इतर स्थानिक आकारणी

महाबळेश्वर व पाचगणी या सातारा जिल्ह्यातील गिरिस्थानांवर पर्यटकांकडून नगरपरिषदा प्रवेशाच्या ठिकाणी कर घेतात. दोन्ही ठिकाणी जाणाऱ्या पर्यटकांना तो वेगवेगळा द्यावा लागत असल्याची तक्रार जुनी आहे. हा कर पथकर नसला, तरी नाक्यावर वाहन थांबवून घेतला जात असल्याने सर्वसामान्यांच्या बोलण्यात त्याची गणना टोलमध्येच होते.

## एसटी प्रवासी आणि प्रवासी कर

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या साध्या बसचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याप्रमाणे ठरते. या भाड्यात १७.५ टक्के दराने प्रवासी कर अंतर्भूत असतो. भाडे अंतरानुसार वाढत असल्याने करही अंतरानुसार वाढतो. म्हणजे ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही असा जतहून सांगलीला वा दहिवडीहून साताऱ्याला जाणारा प्रवासी अंतराच्या प्रमाणात कर आधीपासूनच भरत आहे. विद्युत मोटारींच्या बाबतीत नवी वाटणारी ही कल्पना एसटीच्या तिकिटात १९५८ च्या प्रवासी कर कायद्यापासून रुजलेली आहे.

ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. १ जून २०२२ रोजी महामंडळाची पहिली विद्युत बस ‘शिवाई’ पुणे–अहमदनगर मार्गावर धावली.

## उपग्रहाधारित आकारणी

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने २००८ च्या नियमांत दुरुस्ती करून उपग्रहीय दिशादर्शन यंत्र बसविलेल्या वाहनांसाठी अंतराधारित शुल्काची तरतूद केली. त्यानुसार अशा वाहनाला दिवसातून प्रत्येक दिशेने पहिल्या २० किलोमीटरपर्यंत शुल्क लागणार नाही. पुढील अंतरासाठी प्रत्यक्ष प्रवासाप्रमाणे आकारणी होईल. या पद्धतीची चाचणी बंगळूर–म्हैसूर आणि पानिपत–हिसार या मार्गांवर झाली. १ मे २०२५ पासून ती देशभर लागू होणार असल्याच्या बातम्यांनंतर तसा निर्णय झालेला नसल्याचे केंद्रीय रस्ते परिवहन व महामार्ग मंत्रालयाने स्पष्ट केले.

ही तरतूद या महामार्गावर लागू झाल्यास उंब्रज–कऱ्हाड प्रवास मोफत होईल, कारण तो २० किलोमीटरच्या आत आहे. मात्र आज नाका न लागता होणारा कऱ्हाड–पेठ प्रवास २० किलोमीटरपुढील अंतरासाठी सशुल्क ठरेल. आकारणी अधिक न्याय्य झाली, तरी सातारा जिल्ह्यातील काही वाहनधारकांचा भार हलका होऊन सांगली जिल्ह्यातील काहींचा वाढेल. ही तरतूद सर्व इंधनांच्या वाहनांसाठी व केवळ राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. इंधनावरील घटणाऱ्या कराची ती भरपाई नव्हे.

## इतर देशांतील पद्धती

* न्यूझीलंड : १ एप्रिल २०२४ पासून विद्युत मोटारींना रस्तेवापर शुल्क लागू झाले. त्याचा दर १,००० किलोमीटरला ७६ न्यूझीलंड डॉलर असून ते आगाऊ खरेदी करावे लागते. डिझेल वाहनांना ही पद्धत आधीपासून लागू होती.
* आइसलँड : जानेवारी २०२४ पासून विद्युत मोटारींना किलोमीटरमागे ६ क्रोना कर लागू झाला.
* ब्रिटन : नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात एप्रिल २०२८ पासून विद्युत मोटारींवर मैलामागे ३ पेन्स आणि प्लग-इन हायब्रिड मोटारींवर १.५ पेन्स कर लावण्याची घोषणा झाली.
* ऑस्ट्रेलिया : व्हिक्टोरिया राज्याने २०२१ मध्ये लावलेला अंतराधारित कर तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. असा कर लावण्याचा अधिकार राज्याला नसून संघराज्याला आहे, असे न्यायालयाने ठरविले.

ऑस्ट्रेलियातील निर्णय संघराज्य पद्धतीच्या दृष्टीने लक्षणीय आहे. भारतात वाहनांवरील कर हा विषय राज्यसूचीत स्पष्टपणे नमूद असल्याने येथील स्थिती वेगळी आहे.

## आक्षेप व अनुत्तरित प्रश्न

अंतराधारित कराच्या बाजूने मुख्य युक्तिवाद असा की, रस्ता वापरणाऱ्याने वापरापुरते द्यावे आणि विद्युत वाहने वाढली तरी रस्त्यांच्या देखभालीला पैसा उरावा. विरोधात पुढील मुद्दे मांडले जातात.

* ग्रामीण अंतरे : जत, आटपाडी, माण अशा तालुक्यांत दवाखाना, महाविद्यालय व बाजारपेठ दूर असतात आणि बसच्या फेऱ्या कमी असतात. तेथील वाहनधारकास अंतर टाळता येत नाही.
* वाहनाचे वजन : रस्त्याची झीज आसावरील भारामुळे होते. अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या रस्ते-चाचणीवरून ही झीज भाराच्या सुमारे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे अनुमान निघाले; म्हणजे भार दुप्पट झाल्यास झीज सुमारे सोळापट होते. ऊसपट्ट्यातील अवजड वाहनांचा विचार न करता हलक्या मोटारीवर केवळ अंतराने कर लावणे म्हणूनच अपुरे मानले जाते.
* सीमाभाग : मिरज व जत तालुके कर्नाटकाला लागून आहेत. केवळ ओडोमीटरवरून कर घेतल्यास कर्नाटकातील रस्त्यांवर कापलेल्या अंतराचा करही महाराष्ट्राकडे जाईल.
* खासगीपणा : उपग्रहाधारित पद्धतीत वाहन कोठे व केव्हा गेले याची नोंद राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला आहे.
* दुहेरी आकारणी : अंतरानुसार कर लावताना एकरकमी कर व नाक्यावरील पथकर कायम राहिल्यास एकाच वापरासाठी दोनदा पैसे द्यावे लागतील.

## हे सुद्धा पहा

* राष्ट्रीय महामार्ग ४८
* पथकर
* फास्टॅग
* महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ
* विद्युत वाहन